डावीकडची कोरी जागा

सदाशिव पेठेतल्या एका इमारतीत, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर दातांचा दवाखाना यांच्या मधल्या मजल्यावर उत्कर्षाचा वर्ग भरायचा. वर्गाला तिने एक छानसं संस्कृत नाव दिलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. येणारे लोक 'डाव्या हाताचा वर्ग' म्हणायचे आणि तेच रूढ झालं.

वर्गात करायचं काय, तर चौकोनी जाड कागद समोर घ्यायचा, काळं पेन डाव्या हातात धरायचं आणि कागदभर नक्षी काढत जायची. एक वळण, त्याला लागून दुसरं, त्याला लागून तिसरं. माशाच्या खवल्यांसारखी, नाहीतर पाण्यावरच्या वलयांसारखी. एखादा डावखुरा आलाच तर त्याने उजव्या हाताने काढायचं. खोडरबर नाही, पट्टी नाही, बोलणं नाही. उत्कर्षा पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायची. एकदा स्कूटरवरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं आणि हात प्लास्टरमध्ये असताना ती नाइलाजाने डाव्या हाताने गिरगटत बसायची. त्या गिरगटण्यात डोक्यातला गलका कसा थांबतो, ते तिला तेव्हा कळलं. सवयीचा हात हुकूम सोडतो, बिनसवयीचा हात नुसता चालत राहतो, असं ती नव्या माणसांना सांगायची. आणि शेवटी हेही, की इथे चूक नावाची गोष्ट नाही.

"मग आपण शिकवता नेमकं काय?" अनंतराव पळसुले पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

अनंतराव पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. सत्तरी ओलांडलेली, पण शर्टाची इस्त्री कडक आणि जिभेलाही तीच. आयुष्य धरणांचे नकाशे काढण्यात गेलं होतं. आदल्या वर्षी बायको गेली आणि त्यांची झोप उडाली. मुलगी तनुजा लोणी काळभोरला कॉलेजात शिकवायची, तिथेच राहायची. बाबा इथे एकटे, म्हणून तिने कुठूनतरी उत्कर्षाचा नंबर मिळवून त्यांचं नाव घातलं होतं.

"मुलीने सांगितलं म्हणून आलोय," ते म्हणाले, "माझा यावर काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर आपला गैरसमज नको."

पण ते येत राहिले. बुधवारी आणि शनिवारी, सगळ्यांच्या आधी. खिडकीशेजारची खुर्ची त्यांची. डाव्या हाताने काढलेल्या त्यांच्या रेघा थरथरायच्या, वळणं एकमेकांवर चढायची, पण कागदाचा एकही कोपरा ते रिकामा सोडत नसत. उत्कर्षाने एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, "कागद वाया घालवायची सवय नाही, बाई. आम्ही सरकारी माणसं असलो तरी." महिन्याभराने त्यांनीच आपण होऊन सांगितलं की झोप लागायला लागली आहे. सांगताना ते जरा रागावल्यासारखे दिसत होते.

दिवाळीची सुट्टी संपून वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यांच्या नक्षीत पहिल्यांदा बदल दिसला. कागदाच्या डाव्या कडेला बोटभर पट्टी कोरी राहिली होती. उत्कर्षाला ते फार आवडलं. हा माणूस आता कुठे हात सैल सोडायला शिकतोय, असं तिला वाटलं. पुढच्या वेळी पट्टी रुंद झाली. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. नक्षी उजवीकडे सरकत चालली, दाट होत चालली, वळणांवर वळणं चढून तिथे काळा गोळा होऊ लागला. डावीकडचा पांढरा भाग मात्र स्वच्छ, शाईचा एक ठिपका नाही. त्यातला एक कागद तिने भिंतीवर लावलासुद्धा. आल्यागेल्याला ती दाखवायची, बघा, रिकामी जागा किती बोलते.

सलिल नावाचा आयटीतला एक मुलगा त्यांच्या शेजारी बसायचा. एके दिवशी चहाच्या वेळी तो म्हणाला, "काका, तुमचं हाफ पेज पेंडिंग आहे."

अनंतरावांनी कागदाकडे पाहिलं. नीट पाहिलं, चष्मा वर करून. "कुठे?"

सलिल हसला. उत्कर्षाही हसली. अनंतराव हसले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा पाहिला आणि सलिलकडे अशा नजरेने बघितलं, जशा नजरेने ते हाताखालच्या कामचुकार माणसाकडे बघत असतील. "भरलेल्या कागदाला अर्धा म्हणायची फॅशन आली असेल तर मला कल्पना नाही," ते म्हणाले.

तो त्यांचा नेहमीचा तिरकसपणा असणार, असं उत्कर्षाने धरलं. पण त्या दिवसापासून तिचं लक्ष कागदावरून उठून त्यांच्याकडे जायला लागलं, आणि मग तिला दुसरंच काही दिसायला लागलं. चहाबरोबरच्या बशीतली उजवीकडची बिस्किटं ते खायचे, डावीकडची तशीच राहायची. आणि बशी परत देताना म्हणायचे, आज बिस्किटं कमीच होती. दारातून आत येताना त्यांचा डावा खांदा चौकटीला घासायचा. एकदा तर चांगला दणका बसला, पण ते थांबलेही नाहीत. गालाची उजवी बाजू गुळगुळीत दाढी केलेली, डावीकडे खुंट. म्हातारपण, एकटेपण, थंडीचे दिवस. प्रत्येक गोष्टीला कारण सापडत होतं. तरी त्यांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला की ती हातातलं काम सोडून दाराकडे बघत राहायची.

एका बुधवारी वर्ग सुटला, सगळे गेले. दाराबाहेर एक चप्पल उरली होती. डाव्या पायाची. उत्कर्षा ती घेऊन धावत खाली गेली. अनंतराव झेरॉक्सच्या दुकानापुढून चालले होते, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, फरशीवर नुकतंच पाणी मारलेलं. ते अगदी शांतपणे चालले होते.

"काका, चप्पल राहिली."

त्यांनी खाली पाहिलं. "कुणाची?"

तिने वाकून चप्पल त्यांच्या पायाशी ठेवली, तरी त्यांना ती दिसेना. शेवटी तिने ती उचलून उजवीकडे, त्यांच्या समोर धरली, तेव्हा ते म्हणाले, "अरे, ही तर माझी." आणि तिचे आभार मानून निघून गेले.

त्या दुपारी तिने तनुजाला फोन केला. काय सांगायचं ते तिला नीट जुळवता येईना. कागदाची डावी बाजू, बिस्किटं, चप्पल. बोलता बोलता तिचं तिलाच ते पोरकट वाटायला लागलं.

"अहो, डाव्या हाताने काढल्यावर तसंच येणार ना?" तनुजा म्हणाली. तिच्या आवाजात वैताग नव्हता, थकवा होता. "बाबा आत्ता कुठे सावरलेत. मागच्या वर्षी रात्र रात्र घरात फेऱ्या मारायचे. आता शांत झोपतात, कशाची चिंता करत नाहीत. तुमच्यामुळेच झालंय ते. दर शनिवारी गाडी चालवत येतात इकडे. ओवी वाट बघत असते, आजोबा तिला गाडीतून फिरवून आणतात. चप्पल काय, मीपण विसरते."

गाडी चालवत येतात, हे वाक्य उत्कर्षाच्या कानात राहिलं. ओवी सात-आठ वर्षांची असेल. एकदा वर्गात आली होती, आजोबांच्या शेजारी बसून दोन्ही हातांनी एकदम काढत होती. गाडीत ती बसणार कुठे, तर आजोबांच्या शेजारी. डावीकडे.

उत्कर्षाला वैद्यकातलं काही कळत नव्हतं. पण तनुजाच्या बोलण्यातून तिला एक गोष्ट सुचली. दोष डाव्या हाताचा असेल, तर उजवा हात काय करतो ते बघता येईल.

शनिवारी तिने वर्ग संपेपर्यंत दम धरला. सगळे पांगल्यावर ती अनंतरावांच्या समोर जाऊन बसली. "काका, आज एक वेगळं करायचं. पेन उजव्या हातात घ्या."

"म्हणजे मी नापास."

"नाही. मला तुमचं काम बघायचंय. एक धरण काढून दाखवा. समोरून दिसतं तसं, दरवाजांसकट."

त्यांचा चेहरा खुलला. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी त्यांना येणारी गोष्ट विचारली होती. त्यांनी पेन उजव्या हातात घेतलं आणि त्या क्षणी त्यांची बसण्याची ढबच बदलली. पाठ ताठ झाली. पहिली रेघ आली ती पट्टीने मारल्यासारखी. मग भिंत, भिंतीचा उतार, वरचा रस्ता, त्याचा कठडा, एकामागून एक सारख्या अंतरावर दरवाजे, दरवाज्यांच्या कमानी, शेवटी उजवीकडचा डोंगर आणि त्याच्या अंगावरचे दगड. हात कुठे थांबला नाही, कापला नाही. उत्कर्षाने इतकं देखणं रेखाटन क्वचित पाहिलं होतं.

आणि ते अर्धंच होतं. कागदाच्या मध्यावर एका दरवाजाची अर्धी कमान होती, आणि तिथे सगळं संपत होतं. तुटल्यासारखं नाही, खोडल्यासारखंही नाही. जणू त्यापलीकडे जगात काही नव्हतंच. मागे अडवलेल्या पाण्याची आडवी रेघ त्यांनी काढली होती, तीही त्याच जागी सोडून दिलेली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"आणि या बाजूचा डोंगर?" तिने कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

त्यांची नजर तिच्या बोटापर्यंत आलीच नाही. अर्ध्या कमानीपाशी येऊन ती परत फिरली. "सगळं आहे, बाई," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "एक थेंब बाहेर जायचा नाही. मी बांधलीत."

ते उठले. खिशातून गाडीची किल्ली काढली, ओवी वाट बघत असेल म्हणाले. उत्कर्षाही उठली आणि नकळत त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. "काका, आज गाडी नको. डॉक्टरांकडे जाऊ आपण. मी येते बरोबर."

आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. उजवीकडे. तिथे कुणी नव्हतं. त्यांनी आणखी उजवीकडे वळून पाहिलं, खिडकीकडे, भिंतीकडे, आणि त्यांच्या कपाळावर पहिल्यांदाच एक बारीकशी आठी पडली. "कुठे आहात आपण?" ते म्हणाले.

ती हातभर अंतरावर उभी होती.

तिने दोन वेळा तनुजाला फोन लावला. तो वाजत राहिला, शनिवारीही तिचे तास असायचे. तोवर अनंतराव जिना उतरायला लागले होते. डॉक्टरकडे जायचं कारण त्यांनी विचारलं आणि तिने सांगितलेलं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चित्र आवडलं नाही तर तसं सांगावं. आजारी ठरवू नये." सत्तरीच्या माणसाच्या हातातून किल्ली हिसकावून घेणं तिला जमलं नाही. आपण शेजारी बसलो तर निदान काही करता येईल, एवढाच विचार तिच्या मनात आला.

गाडी गल्लीत लावलेली होती. उत्कर्षा डाव्या बाजूने दार उघडायला गेली आणि थबकली. पुढच्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत पत्रा ओरबाडलेला. एकाशेजारी एक, जुने ओरखडे, नवे ओरखडे, कुठे पिवळा रंग लागलेला, कुठे हिरवा. आरशाच्या जागी नुसती वायर लोंबत होती. उजवी बाजू मात्र पुसून लख्ख.

"काका, आरसा?"

"पुण्यात आरसे टिकत नाहीत," ते आत बसत म्हणाले.

पहिली काही मिनिटं ते व्यवस्थित चालवत होते. हीच गोष्ट जास्त भीतीची होती. गिअर टाकणं, दिवा दाखवणं, समोरच्याला वाट देणं, सगळं जिथल्या तिथे. उजवीकडून घुसणाऱ्या स्कूटरवाल्याला त्यांनी एक शेलका शब्दही ऐकवला. पण गाडी डावीकडे सरकत होती. हळूच, कुणीतरी दोरीने ओढत असल्यासारखी. उत्कर्षाच्या खिडकीजवळून उभ्या दुचाक्यांची हँडलं जायला लागली, आधी हातभर अंतरावरून, मग वीतभर.

"काका, उजवीकडे घ्या."

"उजवीकडेच आहे."

"थोडी आणखी घ्या."

त्यांनी घेतली, आणि गाडी पुन्हा सरकत परत आली. टिळक रोडला लागताना पुढे कडेने एक हातगाडीवाला चालला होता. मंडईतून भरलेले पेरू, वर ओलं पोतं. माणूस पाठमोरा, वाकून गाडी ढकलत होता. अंतर भरपूर होतं. अनंतराव तिला त्यांच्या नोकरीतल्या एका साहेबाची गोष्ट सांगत होते, त्यात साहेबाची फजिती होणार होती आणि त्यांना आधीच हसू यायला लागलं होतं. हातगाडीवाल्याच्या सदऱ्यावरची घामाची ओल दिसायला लागली तरी त्यांचा पाय ब्रेकवर गेला नाही.

उत्कर्षाने "अनंतराव!" म्हणून हाक मारली, आणि मग दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला.

गाडी किंचाळत तिरकी झाली. धक्का बसला, पण पुरता नाही. हातगाडी कलंडली, पेरू रस्ताभर गडगडत गेले आणि तो माणूस पाय धरून खाली बसला. मागून हॉर्न सुरू झाले. लोक धावत आले. कुणीतरी बॉनेटवर थापा मारत होतं, कुणी म्हाताऱ्याला बाहेर काढा म्हणत होतं.

अनंतराव समोर बघत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बरोबर जिथे असावेत तिथे. "मागून ठोकलं का कुणी?" त्यांनी विचारलं.

"काका, हातगाडी होती."

"नव्हती," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता. "रस्ता रिकामा होता. मी बघत होतो."

हातगाडीवाल्याच्या पायाचं हाड मोडलं होतं, तेवढ्यावर निभावलं. लोकांच्या मदतीने उत्कर्षाने त्याला आणि अनंतरावांना दवाखान्यात नेलं. तनुजा दुपारी धावतपळत दवाखान्यात पोचली तेव्हा अनंतरावांच्या डोक्याचा स्कॅन होऊन गेला होता. डॉक्टरांनी दोघींना पडद्यावर दाखवलं. डोक्याच्या उजव्या बाजूला मागच्या अंगाला गाठ होती, लिंबाएवढी, बरेच महिने सावकाश वाढत गेलेली. डोळ्यांना काही झालेलं नाही, डॉक्टर म्हणाले. डोळे बघतात. पण डावीकडे काही असतं, ही गोष्टच मेंदूतून पुसली जाते. अंधार दिसत नाही, पडदा दिसत नाही. त्या माणसाच्या लेखी जग तेवढंच असतं, आणि पुरतं असतं.

"म्हणून त्यांना कशाची चिंता वाटत नव्हती?" तनुजाने विचारलं.

"तेही असेल," डॉक्टर म्हणाले.

तनुजाने उत्कर्षाचा हात धरला आणि सोडला नाही. दर शनिवारी ओवी त्या सीटवर बसायची, एवढंच ती एकदा म्हणाली.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण निघताना थोडंफार घेऊन गेली. अनंतरावांचा डावा हात जड झाला, चालताना डावा पाय ओढायला लागला. सदाशिव पेठेतलं घर बंद करून तनुजाने त्यांना लोणी काळभोरला नेलं. गाडी विकून टाकली.

उत्कर्षाने वर्ग चालू ठेवला, पण ती पूर्वीसारखी शांत बसू शकेना. लोक नक्षी काढत असताना ती त्यांच्या मागून फिरायची आणि कागदांच्या कडा तपासायची. चूक नावाची गोष्ट इथे नाही, हे वाक्य नव्या माणसांसमोर तिच्या तोंडून निघेना. सलिल एकदा कोपरा सोडून उठला तर तिने त्याला पुन्हा बसवलं, आणि तो कोपरा भरेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभी राहिली.

उन्हाळा लागला तेव्हा ती अनंतरावांना भेटायला गेली. ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. समोर रस्ता, त्यांच्या डाव्या अंगाला उसाचं शेत. दाढी नीट केलेली होती, दोन्ही गालांवर. ती आली ती मुद्दाम उजवीकडून, आणि समोर बसली.

"आता दिसतं," ते म्हणाले. "म्हणजे आठवण ठेवून बघावं लागतं. मान वळवायची, मग बघायचं. जेवताना ओवी ताट फिरवते."

"बरं चाललंय मग."

"बरं म्हणजे काय, बाई." त्यांनी जड हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. "तेव्हा मला काही कमी नव्हतं, हे कुणाला पटत नाही. अर्धं जग गेलं होतं आणि मी मजेत होतो. ते धरण मी पुरं बांधलं होतं. आजही आठवतं, पुरं होतं." ते समोरच्या रस्त्याकडे बघायला लागले. "आता डॉक्टर सांगतात, सगळं आलंय परत. पण त्या वेळीही मला सगळंच वाटत होतं ना. मग आत्ता काही नसेल तर मला कळणार कसं?"

आतून तनुजाच्या भांड्यांचा आवाज येत होता. उसात वारा शिरला आणि पानं सळसळली.

अनंतरावांनी सावकाश मान डावीकडे वळवली, शिकवल्याप्रमाणे, आणि बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग तिच्याकडे न बघताच, अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "तिकडे कुणी उभं आहे का?"

"नाही, काका."

"नीट बघून सांगा."

ती उठली, ओसरीच्या कडेपर्यंत गेली आणि शेताकडे पाहत उभी राहिली.